व्हरांड्यातला माग

विणकरांच्या मोहल्ल्यात त्या दिवशी कोणता रंग लागला आहे, हे आम्हांला नाल्यावरच कळायचे. सूत रंगवून उरलेले पाणी ते लोक नाल्यात सोडत. सकाळी शाळेला निघालेल्या आम्ही पाच मुली दगडांवरून पाय टाकत पलीकडे जाताना खाली वाकून पाहत असू आणि एकमेकींना सांगत असू, की आज जांभळा, आज मिरचीचा लाल, आज नुसतेच पाणी, म्हणजे कुणाकडे तरी सुतक असणार. नाल्याच्या अलीकडे आमची महारांची वस्ती. पलीकडे कोष्ट्यांची घरे, आणि त्या घरांच्या मधोमध म्युनिसिपालिटीची मुलींची शाळा. नाला उतरून चढला की हवाच बदले. आमच्याकडे तेंदूच्या पानांचा आणि तंबाखूचा कोरडा वास, कारण घरोघरी बाया विड्या वळत. तिकडे सुताला लावायच्या खळीचा, तांदळाच्या आंबलेल्या पेजेसारखा ओलसर वास, आणि प्रत्येक दारातून येणारी मागाची खटखट. शंभर माग एकदम चालत, पण दोन मागांचा ठेका कधी जुळत नसे. मला ते ऐकताना वाटे, सारा मोहल्ला एकाच मोठ्या सुपात धान्य पाखडतो आहे.

चौथीच्या वर्षापर्यंत मी त्या काठावर कधी शिकले नव्हते. आमच्याच काठावर आमची शाळा होती. तिला एक खोली, एक गुरुजी आणि चार वर्ग होते. गुरुजी पहिलीला पाढे म्हणायला लावून चौथीला इतिहास शिकवत, त्यामुळे मला आजही काही लढाया बे एके बेच्या चालीवरच आठवतात. मग स्वराज्य येऊन तीन वर्षे होत आली. नवी राज्यघटना लागू झाली. माझे बाबा कापडगिरणीत कामाला होते. पाळी संपवून आले की कडुलिंबाखाली बसून वर्तमानपत्र मोठ्याने वाचत, आणि ज्यांना वाचता येत नसे ते बाबांच्या चेहऱ्यावरून बातमी बरी की वाईट ते ओळखत. त्या जूनमध्ये वरून हुकूम आला, की एका भागात दोन शाळा नकोत. आमची खोली बंद झाली. मुलगे मुलांच्या शाळेत गेले, आणि आम्ही पाच मुली नाल्यापलीकडच्या शाळेत.

कागदावर आम्ही आत होतो. आमची नावे त्यांच्याच हजेरीपटात, त्यांच्याच निळ्या शाईने लिहिलेली होती. प्रत्यक्षात आम्ही व्हरांड्यात होतो. मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, स्वभावाने कठोर नव्हत्या. आयाबायांच्या बोलण्याला मात्र फार भीत. त्यांनी आम्हांला पहिल्या दिवशीच समजावून सांगितले, की आतल्या मुली आपापली बसकरे घरून आणतात, रांगेने बसायची शाळेची लांब टाटपट्टी पुरेशी नाही, तेव्हा सध्या आम्ही बाहेर बसावे. नवी टाटपट्टी झाली की सगळ्याच आत. आम्ही दुसऱ्या दिवशी पोत्याचे तुकडे धुऊन घेऊन गेलो. तेव्हा आत जागा नाही असे निघाले. आमच्यातल्या सर्वांत धाकटीने दारातून बोट करून रिकामी जागा दाखवली, तेव्हा बाई म्हणाल्या, की जागा आहे, पण पट्टी नाही. ‘सध्या’ हा शब्द त्या फार हळुवारपणे उच्चारत, जणू झोपलेल्या मुलावर पांघरूण घालत आहेत.

व्हरांड्याचे सुख काही कमी नव्हते. सकाळचे ऊन पायांच्या नखांपासून वर चढत यायचे. शेजारच्या अंगणात रंगवलेल्या सुताच्या लडी वाळत असत. त्यांच्यातून वारा गाळून यायचा आणि ओल्या रंगाचा थंडावा गालाला लागायचा. फळा मात्र दाराच्या चौकटीएवढाच दिसे. बाईंनी उजवीकडे लिहिलेली बेरीज आम्हांला दिसे, डावीकडची दिसत नसे, म्हणून आम्ही उत्तरावरून गणित ओळखायला शिकलो. हजेरीला आतून नाव पुकारले, की बाहेरून ‘हजर’ ओरडावे लागे. माझा आवाज आजही मोठ्या सभागृहात शेवटच्या रांगेपर्यंत जातो. ती घडण त्या व्हरांड्याची आहे.

हे सुख माझ्या मायला मान्य नव्हते. मायला अक्षर येत नसे, पण बसण्याची जागा वाचता येई. ती विड्या वळत असताना तिच्या बोटांकडे पाहण्याची गरजच पडत नसे, म्हणून ती नेहमी समोरच्याच्या डोळ्यांत पाहून बोले. दिवाळीनंतर एका संध्याकाळी तिने मला समोर बसवले. पाच महिने झाले, मी कुठे बसते, असे विचारले. मी खरे सांगितले. तिने एक विडी पुरी केली, दोऱ्याने बांधली आणि सुपात टाकली.

“तिळसंक्रांतीपर्यंत पाहीन,” ती म्हणाली. “तोवर आत घेतलं तं घेतलं. नाई तं ये घरी अन् बस माह्यासंगं विड्या वळाले. घरात तं बसशील, वरांड्यात तं नाई.”

बाबांनी मध्ये पडून पाहिले. चौथीची परीक्षा दिली की पोरगी पुढच्या शाळेत जाईल, एवढे वर्ष निघू दे, असे ते म्हणाले. मायने त्यांचे सगळे ऐकून घेतले आणि संक्रांत काही पुढे ढकलली नाही. मला माझ्या मायचा शब्द ठाऊक होता. तो दिलेला असो की घेतलेला, फिरत नसे. त्या दिवसापासून माझ्या मनात एकच हिशेब सुरू झाला. संक्रांतीच्या आत दाराच्या आत.

आणि मग शाळेत माग आला.

त्या काळी मुलांच्या हाताला काम शिकवायचे असे नवे धोरण निघाले होते. टकळीवर सूत कातणे सगळीकडेच होते. आमची शाळा विणकरांच्या मोहल्ल्यात म्हणून तिला एक लाकडी माग मिळाला. चार माणसांनी तो आणला आणि वर्गाच्या दारातून आत नेण्याचा सकाळभर प्रयत्न केला. आडवा केला, उभा केला, तिरपा केला. दाराची चौकट लहान पडली. शेवटी मोठ्या बाईंनी कपाळावरचा घाम पुसत सांगितले, की सध्या व्हरांड्यातच राहू द्या. आम्ही पाचही जणी एकमेकींकडे पाहून इतक्या हसलो, की धाकटीला उचकी लागली. आमच्यात सहावा आला होता.

माग शिकवायला मोहल्ल्यातलेच एक वयस्क विणकर येऊ लागले. सगळ्या मुली त्यांना काकाजी म्हणत, म्हणून आम्हीही म्हणू लागलो. बारीक अंगाचे, पाठीत किंचित वाकलेले, आणि दिवसभर तोंडात पान. त्यांची नात आमच्याच वर्गात, म्हणजे आत, होती. माझ्याच वयाची, माझ्याच उंचीची, आणि बोलायला लागली की मागासारखीच न थांबणारी. हस्तकलेच्या तासाला आतल्या मुली बाहेर यायच्या, त्यामुळे दिवसाचा एक तास सगळी शाळा आमच्या घरी पाहुणी आल्यासारखी वाटे.

मागावर काय विणायचे, हा प्रश्न निघाला तेव्हा मोठ्या बाईंनीच सांगितले, की वर्गासाठी टाटपट्टी विणू. बारा हातांच्या चार रांगा, सगळ्या एकसंध विणायच्या आणि शेवटी कापायच्या. त्यांना आपलाच शब्द आठवला, की त्या शब्दातून सुटायची वाट सापडली, हे मी सांगू शकत नाही. मी मात्र तिथेच बोटांवर मोजले. अठ्ठेचाळीस हात, आणि संक्रांतीला जेमतेम दोन महिने.

काम आपोआप वाटले गेले. टकळीवरचे सूत सगळ्या मुलींचे, चौपदरी पिळलेले. मागावर बसून पाय चालवायला आणि धोटा फेकायला आतल्या मुलींत भांडणे होत. कांड्या भरायला मात्र त्यांच्यातली एकही तयार नसे, कारण पहाटे उठून घरी त्यांना तेच काम असे. म्हणून कांड्या आमच्याकडे आल्या. कांडी म्हणजे बोटाएवढी पोकळ नळी, तिच्यावर आडवे सूत गुंडाळायचे. ही कांडी धोट्याच्या पोटात बसते, आणि होडीसारखा तो धोटा उभ्या धाग्यांमधून इकडून तिकडे धावतो. मला कांडी भरायला फार आवडे. सुताचा स्पर्श आधी बोटांना खरखरीत लागतो, मग हळूहळू बोटांचीच खरखर सुताला कळते आणि दोघे गुळगुळीत होतात.

कांडी धोट्यात बसवली, की एक शेवटचे काम उरते. धोट्याच्या कडेला ज्वारीच्या दाण्याएवढे भोक असते. कांडीवरचे टोक आतून त्या भोकाशी न्यायचे, बाहेरून भोकाला ओठ लावायचे आणि श्वास आत ओढायचा. धागा भोकातून सरळ जिभेवर येतो. हे काम काकाजी कुणालाच देत नसत. प्रत्येक नव्या कांडीला ते धोटा तोंडाशी नेत, गाल आत जात, आणि ओठांच्या फटीतून धागा निघे. पानाने लाल झालेला. त्यामुळे आमच्या पांढऱ्या पट्टीवर जिथे जिथे नवी कांडी सुरू होई, तिथे काठाशी एक लाल ठिपका पडे. दर पाच-सहा बोटांवर एक. आतल्या मुली म्हणत, की काकाजी पट्टीला कुंकू लावतात.

डिसेंबर संपत आला तेव्हा पट्टी अजून आठ-दहा हात राहिली होती. विणलेला भाग समोरच्या लाकडी रुळावर गुंडाळला जाई, त्यामुळे जेमतेम हातभर कापड डोळ्यांसमोर असे. बाकीचे रुळाचे पोट वाढलेले पाहून समजायचे. मी रोज त्या पोटावरून हात फिरवून पाही. अशात काकाजींना धाकट्या मुलासाठी मुलगी पाहायला उमरेडला जावे लागले. चार दिवस येणार नाही, मागाला हात लावू नका, असे सांगून ते गेले.

दुसऱ्या दिवशी मी घंटेच्या तासभर आधी शाळेत पोचले. नात तिथे होतीच. तिलाही ठाऊक होते, की संक्रांतीला पंधरवडा उरला आहे. मीच तिला मायचे बोलणे सांगितले होते. तिने इकडे तिकडे पाहिले आणि मागावर जाऊन बसली. मी कांडी भरून दिली. तिने ती धोट्यात बसवली आणि थबकली. थंडीने तिचे ओठ उलले होते, आणि आजीने त्यांवर लोण्याचा जाड थर थापून पाठवले होते. लोणी सुताला लागले तर डाग कधीच जात नाही, आणि विणकराच्या घरात त्याला माफी नाही.

“तू ओढ वं,” ती म्हणाली, आणि धोटा माझ्यापुढे धरला.

आम्ही दोघी नऊ-दहा वर्षांच्या होतो, अजाण नव्हतो. तिला ठाऊक होते आणि मलाही. पाण्याच्या माठाला आमचे बोट लागू नये म्हणून शाळेतली दाई आम्हांला वरून पाणी ओते. मग ओठांची गोष्ट काय सांगावी. मी धोट्याकडे पाहत राहिले. चिंचेच्या लाकडाचा, वर्षानुवर्षांच्या हातांनी काळसर चकाकलेला.

“लवकर ओढ नं. घंटा होईल.”

मी ओढला. आधी लाकडाची गार चव आली, मग कापसाची काहीच नसलेली चव, आणि त्यांच्यामागून एकदम काताचा, चुन्याचा, तंबाखूचा असा तिखट भपका, की माझ्या डोळ्यांत पाणीच आले. त्या भोकात काकाजींचे पान मुरले होते. धागा एका दमात जिभेवर आला. मी तो तिच्या हातात दिला आणि व्हरांड्याच्या कडेला जाऊन तीनदा थुंकले. ती हसता हसता मागावरून घसरली.

चार सकाळींत आम्ही नऊ कांड्या संपवल्या. ती विणे, मी भरी आणि ओढी. दोन हात कापड झाले असेल. तिसऱ्या दिवसापर्यंत मला त्या चवीची सवय झाली होती. सांगायला संकोच वाटतो, पण थोडी आवडही.

चौथ्या दिवशी संध्याकाळी मी घरी सगळे सांगून टाकले. मला वाटले होते माय घाबरेल. ती घाबरली नाही. तिने हातातली विडी खाली ठेवली. तसे ती क्वचितच करी.

“परक्या माणसाचं उष्टं पान तू तोंडात काहून घेतलं?”

मी म्हटले, पान नव्हते, धागा होता.

“पानाचाच नं? कोण कुठला म्हातारा. दात तरी घासते का नाई तो?” तिने मला उठवून चुलीजवळ नेले, कोळशाच्या भुकटीने माझे दात आणि जीभ घासली, कडुलिंबाची पाने चावायला लावली. माझ्या तोंडाने त्यांचा धोटा बाटला की काय, हा विचार तिच्या मनाला शिवलाच नाही. तिला काळजी होती ती तिच्या लेकीचे तोंड बाटल्याची. आज मला त्या कोळशाच्या चवीत तिचा सगळा स्वाभिमान सापडतो. तेव्हा नुसतीच आग झाली.

बाबा ऐकून हसू लागले होते, ते मध्येच थांबले. त्यांनी मला जवळ बोलावले. धागा लवकर आला का, असे विचारले. मी सांगितले, एका दमात. कुठल्या ओठाने धरायचा असतो, तेही त्यांनी विचारले. मी त्यांना रिकाम्या मुठीवर ओठ लावून दाखवले. बाबा गिरणीत कातणखात्यात होते. अंगणापलीकडे विणखाते होते. तिथला माणूस कारागीर मानला जाई. आमच्यातल्या कुणाला तिथे घेत नसत, कारण तिथले धोटे पाळीपाळीने अनेकांच्या तोंडी लागत.

“ते भोक,” बाबा म्हणाले, “सारी उमर मी दुरून पाहून राहिलो. तू त्याले तोंड लावून आली.”

त्या दिवशी वर्तमानपत्र दुसऱ्या कुणीतरी अडखळत वाचले.

काकाजी उमरेडहून परतले ते खुशीत. मुलगी पसंत पडली होती. आल्या आल्या मागावर बसले, धोटा उचलला, गाल आत घेतले, आणि लाल धागा काढून विणू लागले. आमचे दोन हात कापड आम्ही आधीच सगळे रुळावर गुंडाळून टाकले होते. त्यांना दिसले नाही. पट्टी वाढलेली पाहून त्यांना वाटले, आपल्याच मोजण्यात चूक झाली असेल. दोन दिवस ते तसेच विणत राहिले. मी आणि नात एकमेकींकडे पाहत नसू, कारण पाहिले की हसू येई, आणि हसू आले की भीती वाटे.

तिसऱ्या दिवशी दुपारी मोठ्या बाईंनी लांबी मोजायला सांगितले. रूळ उलगडून पट्टी अंगणात पसरली. उन्हात ती पांढरी वाट अंगणभर गेली, काठाशी ओळीने लाल ठिपके. काकाजी वाकून हाताने मोजत चालले होते, ते एका जागी थांबले. तिथून दोन हात पट्टीवर एकही ठिपका नव्हता.

नेमक्या त्याच वेळी त्यांची थोरली बहीण भाकरी घेऊन आली. ती विधवा, भावाच्याच घरी राहणारी. तोंडात दात नव्हता, पण मोहल्ला तिला वचकून असे. काकाजींनी विचारले, हे कुणी विणले. नातीने मान खाली घालून सांगितले, मी. धोटा कुणी ओढला, या प्रश्नाला ती आपल्या उललेल्या ओठांना हात लावून उभी राहिली. मग मी पुढे झाले. माझा आवाज व्हरांड्यात तयार झालेला होता.

“म्या ओढला, काकाजी. नऊ वेळा.”

बहिणीने भाकरीचे फडके छातीशी धरले आणि दोन पावले मागे सरली. मग मोठ्या बाईंकडे वळून तिने निकालच दिला. तेवढा तुकडा कापून काढा, त्या पोरींनाच द्या, त्यावर त्या बाहेर बसतील, उरलेल्यावर आमच्या पोरी आत. मोठ्या बाईंच्या चेहऱ्यावर मला सुटका दिसली. त्या म्हणाल्या, की सध्या तसेच करायला हरकत नाही. मी पट्टीकडे पाहिले. दोन हात कापड; आम्हां पाच जणींना दाटीवाटीने पुरले असते. मला मायचे सूप दिसू लागले.

काकाजी उकिडवे बसले होते. त्यांनी त्या दोन हातांवरून तळवा फिरवला, काठ चिमटीत धरून पाहिला, जिथे नवी कांडी जोडली होती ती जागा नखाने शोधली. ती त्यांना सहज सापडली नाही. मग ते उठले, गुडघे झटकले.

“कापा,” ते म्हणाले. “पण बाई, दोन दिवसांपासून मी तोच धोटा ओढून राहिलो. आता मले बी कापता का?”

बहीण म्हणाली, तुला ठाऊक नव्हते. ते म्हणाले, तोंडाला काय ठाऊक होते अन् काय नव्हते, ते तोंड सांगत नाही. आणि मग, अगदी भाजीचा भाव सांगावा तसे, त्यांनी पुढे विचारले,

“तुले सुपारी कोण फोडून देते वं?”

सगळ्या मोहल्ल्याला ते ठाऊक होते. तिला दात नव्हते, अडकित्त्यावर भरवसा नव्हता. रोज जेवणानंतर भाऊ स्वतःच्या दातांनी सुपारी फोडे आणि अर्धी चघळायला तिच्या हातावर ठेवी. काल ठेवली होती. परवाही ठेवली होती.

बहिणीचा हात आपोआप ओठांकडे गेला. आधी नात हसली, मग तोंड दाबूनही माझ्या नाकातून हसू बाहेर पडले, मग आतल्या मुलींच्या ओळीत ते पसरत गेले.

“सांगायचं तरी नव्हतं गा,” म्हातारी भावाला म्हणाली, भाकरी व्हरांड्याच्या कठड्यावर ठेवली आणि निघून गेली. ती रागावली असेल, पण दुसऱ्या दिवशी भाकरी आली, आणि तिच्यासोबत लसणाची चटणीही.

तो तुकडा कापला गेला नाही. त्या दिवशी काकाजी पुन्हा मागावर बसले, कांडी संपली तेव्हा त्यांनी मी भरलेली कांडी धोट्यात घातली, आणि धोटा माझ्यापुढे धरला. म्हणाले, की तोंडात पान आहे, तूच ओढ. पान त्यांच्या तोंडात रोजच असे. त्यानंतर ते रोजच हे कारण सांगत. मी घरी मायला सांगितले तेव्हा ती म्हणाली, चला, आता चव तरी पोरीचीच राहील.

सगळे एका दिवसात गोड झाले असे मात्र सांगणार नाही. दोन घरांनी आपल्या मुली शाळेतून काढल्या. परीक्षा जवळ आली तेव्हा गुपचूप परत पाठवल्या. पाण्याचा माठ तसाच राहिला, आणि दाई वरूनच पाणी ओतत राहिली. त्याचा निकाल मी शाळा सोडल्यानंतर लागला, असे ऐकले.

संक्रांतीच्या दोन दिवस आधी चार रांगा वर्गात अंथरल्या गेल्या. मोठ्या बाईंनी सगळ्या मुलींना बसकरे घरी ठेवून यायला सांगितले. आतल्या काही मुली रडल्या, कारण रेशमाच्या उरलेल्या धाग्यांची ती बसकरे खरेच फार सुंदर होती. मग बाईंनी आम्हां सगळ्यांना अंगणात उंचीप्रमाणे उभे केले आणि त्याच क्रमाने आत सोडले. मी आणि नात शेजारी शेजारी आलो. उंबरठ्यावर माझा पाय क्षणभर अडला. कुणी अडवले म्हणून नव्हे, सवय नव्हती म्हणून. बाईंनी हजेरी घेतली. माझे नाव आले आणि मी नेहमीप्रमाणे अंगणापलीकडे पोचेल असे ‘हजर’ ओरडले. नातीने कानांवर हात ठेवले. बाई दचकल्या, आणि मग त्याही हसल्या. आमच्यातल्या उरलेल्या चौघींनीही तसेच केले. धाकटीने तर जरा जास्तच.

दुपारी माय आली. कुणाच्या बोलण्यावर तिचा विश्वास नव्हता. ती व्हरांड्यात, रिकाम्या झालेल्या आमच्या जागेवर उभी राहिली आणि दारातून पाहू लागली. तिच्या अंगावरचा तंबाखूचा वास वर्गात आला, तेव्हाच मला कळले की ती आली आहे. तिने मला रांगेत शोधले, माझ्या डावीकडे पाहिले, उजवीकडे पाहिले, पट्टी कुठे तुटली आहे का तेही डोळ्यांनी शेवटपर्यंत चाचपून पाहिले. मोठ्या बाई दाराशी गेल्या आणि काही सांगू लागल्या. मायने त्यांना एवढेच विचारले, की परीक्षा कधी आहे. आणि ती विड्यांचा हिशेब द्यायला निघून गेली.

संध्याकाळी बाबांनी विचारले, आत कसे वाटते. मी खरे सांगितले. आत अंधार होता. खोबरेल तेलाचा आणि ओल्या पाट्यांचा कोंदट वास येत होता. ऊन पायांवर येत नव्हते, वाळणाऱ्या लडी दिसत नव्हत्या, आणि समोरच्या मुलीची वेणी उंच असल्यामुळे फळाही पुरता दिसत नव्हता. बाहेर बरे होते, मी म्हणाले.

बाबा माझ्याकडे बारकाईने पाहू लागले. “मंग? उद्या बाहेर बसते का?”

“नाई,” मी म्हटले. “आतच बसीन. दाराजवळची जागा मागीन.”

बाबांनी मान डोलावली आणि वर्तमानपत्र घेऊन कडुलिंबाखाली गेले. माय विड्या वळत होती. तिने मला खुणेने बोलावले, माझ्या हातातली पाटी पाहिली आणि म्हणाली, सूप बाजूला सरकव, दिव्याजवळ बस, अन् मोठ्यानं वाच, मले ऐकू आलं पाहिजे.